साळवेनानांचा हवेचा तंबू

परवा पुण्यात एका भल्यामोठ्या दुकानात चालायचे बूट घ्यायला गेलो होतो. बूट बाजूलाच राहिले आणि मी एका फुगलेल्या तंबूसमोर जाऊन उभा राहिलो. लगेच एक टाय लावलेला मुलगा धावत आला.

"सर, हवेचा तंबू. दांडे नाहीत, काही जोडाजोड नाही. पंप मारा, पाच मिनिटांत घर उभं. एकटे जाता की फॅमिली?"

"एकटा."

"मग हा सिंगल घ्या सर."

संपलं. त्याने मला फरशीवर आडवं पाडलं नाही. मी घोरतो का, विचारलं नाही. मला आत बसवून वरून बादलीभर पाणी ओतलं नाही. अशा माणसाकडून तंबू घ्यायचा तरी कसा? मी नुसते बूट घेऊन बाहेर पडलो आणि घरी येईपर्यंत रिक्षात एकटाच हसत होतो. तंबू कसा निवडायचा, हे मला ज्या माणसाने शिकवलं, त्याने आयुष्यात असा तंबू डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाहिला तो त्याने स्वतः केला तेव्हाच.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी तेव्हा नगरला एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होतो. घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. त्यात मला एकांताचा नाद लागला. रविवारी भंडारदऱ्याला जायचं, धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकायचा आणि एकट्याने राहायचं, असं मी कचेरीत इतक्या वेळा बोललो होतो की शेवटी जाणं भाग पडलं. पहिल्या खेपेला जुन्या बाजारातून एक कापडी तंबू घेतला. त्याला सात बांबू. बांबू एस.टी.च्या टपावर टाकले, तंबू मांडीवर घेतला. राजूरला मी उतरलो, तंबू उतरला, बांबू तेवढे पुढे गेले. ती रात्र मी तंबू पांघरून काढली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "विसरता येणार नाही असं काहीतरी घ्या."

हे माझ्या डोक्यात बसलं. माझा मेहुणा आखाती देशात नोकरीला होता. त्याने आणलेल्या एका परदेशी कॅटलॉगात मी हवेचे तंबू पाहिले. बांबूच नाहीत! विसरायला काही उरलंच नाही. ते पान फाडून मी साळवेनानांकडे गेलो.

नानांचं दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला होतं. तरुणपणी ते लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होते. तिथे त्यांनी दोन कामं उचलली, ताडपत्री शिवायची आणि रबराला जोड द्यायचा. नगरात शिवणारे पुष्कळ होते आणि पंक्चरवाले तर चौकाचौकात. दोन्ही एका हातात असलेला माणूस मात्र हा एकच. बुटका, रुंद, चष्म्याची एक काडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर, त्याखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा टांगलेल्या. ओळखीचं कोणी रस्त्याने गेलं की तोंडातला दोरा न काढता "जय भीम" म्हणायचे आणि ते नीट ऐकू यायचं.

ट्यूब कुठे गळते हे बघायला सगळे पाणी वापरतात. नाना आधी गाल वापरायचे. फुगवलेली ट्यूब उजव्या गालाजवळून हळूहळू फिरवायची, डोळे मिटून. मध्येच थांबायचे. "हितं हाय." मग पाण्यात घालून गिऱ्हाइकाला दाखवायचं, तेही केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्यामुळे उजवी दाढी ते रोज करायचे आणि डावी आठवड्यातून एकदा.

आणि त्यांची बादली. नानांकडची ताडपत्री बादलीच्या परीक्षेशिवाय दुकानाबाहेर जात नसे. चार खुंट्यांना ती ताणायची, खाली गिऱ्हाइकाने बसायचं आणि नानांनी वरून पाणी ओतायचं. गिऱ्हाइकानेच बसायचं, दुसरं कोणी चालायचं नाही. मिरजगावचा एक मांडववाला पांढराशुभ्र सफारी घालून आला होता. तो म्हणाला, "नाना, माझा गडी बसंल की खाली."

"गडी भिजला तर तुमाला काय कळनार? बसा."

बसला बिचारा. एक थेंब आला नाही. उठताना मात्र खालच्या ओल्या मातीत सफारीचा मागचा भाग गेला. नाना म्हणाले, "वरनं गॅरंटी हाय. खालचं माझ्याकडं न्हाई."

शिर्डीच्या एका पेढेवाल्याला दुकानापुढे लाल ताडपत्री हवी होती. नानांनी साफ नाही म्हटलं. तो इरेला पेटला. मग नानांनी लाल कापडाचा तुकडा उन्हात धरला आणि खाली त्याच्याच पिशवीतला पेढा ठेवला. "बघा, कसा दिसतोय. हे बघून कोन घेईल? शिळा वाटतोय." पेढेवाला पांढरी घेऊन गेला. तो पेढा मला मिळाला. चांगला होता.

अशा माणसापुढे मी कॅटलॉगचं पान ठेवलं. पानावर तीन तंबू आणि मधल्या तंबूच्या दारात अर्ध्या चड्डीतली एक गोरी बाई, हातात कपबशी. नानांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ नेलं.

"ही बाई एकटी हाय म्हंता?"

"हो. एकट्याने राहायचे तंबू आहेत हे."

"मंग फोटू कोनी काढला?"

मी पान उलटून मागची बाजू बघितली.

"एकटं ऱ्हायाचं कशापायी, भाऊसाहेब? घरात भांडान झालं का?"

"नाही हो. शांतता पाहिजे."

"बरं. झोपा."

"काय?"

"झोपा हितं. माप घ्यायचंय. हुभा मानूस तंबूत ऱ्हात न्हाई, आडवा ऱ्हातो."

भर दुपारी, बाजाराच्या रस्त्यावर, सरकारी नोकर असलेला मी साळवेनानांच्या दुकानात चटईवर आडवा झालो. नानांनी खडूने माझ्याभोवती रेघ ओढली, पोलीस ओढतात तशी. "कुशीवर वळा. पाय पोटाशी घेता का? घोरता? तोंड कुनीकडं करून?" मी उत्तरं देत गेलो. बाहेर दोन हमाल थांबून बघत होते. त्यातला एक म्हणाला, "नाना, मेलाय का?" नाना म्हणाले, "न्हाई, तंबू घेतोय."

मग त्यांनी रेघेबाहेर हातभर जागा सोडून दुसरी रेघ ओढली.

"ही जागा कशाला?"

"पिशवी ऱ्हाईल. आन् तुमी दचकून उठनार, तवा डोकं आदळाया नको."

"मी कशाला दचकेन?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि खडू खिशात ठेवला.

निवड करायला आम्हांला तीन दिवस लागले. मला कॅटलॉगातला पहिला हवा होता, त्यात एकच लांब नळी सगळीकडून फिरलेली. दिसायला देखणा. नाना म्हणाले, "एका नळीला एक काटा लागला की अख्खं घर खाली. तुमच्याकडं ते गोऱ्या लोकांचं कापड न्हाई, आन् त्यांच्याकडं आपली बाभळ न्हाई." त्यांनी ट्यूबच्या दोन कमानी ठरवल्या, पुढे एक, मागे एक, प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह. एक गेली तरी दुसरी डोक्यावर राहील. मला रंग खाकी हवा होता, जरा लष्करी दिसेल म्हणून. त्यांनी पिवळं कापड काढलं.

"पिवळा? नाना, लोक हसतील."

"हसूं द्या. हुडकाया आल्यावर दिसला पायजे."

"मला कोण शोधायला येणार?"

"बायकू हाय न्हवं?"

पंधरा दिवसांनी तंबू तयार झाला. दोन काळ्या कमानी आणि वर पिवळं कापड. शेतातल्या खरबुजाला दाढी आल्यासारखं काहीतरी. मी हसलो असतो, पण नानांकडे बघून हसलो नाही. ते त्या तंबूभोवती एकसारखे फिरत होते, कमानीच्या जोडावरून अंगठा फिरवत. लष्करातल्या साहेबांनी जोडाची वाहवा केली होती म्हणे. पण ते चाकाच्या ट्यूबचे जोड. "ह्यात मानूस झोपनार," ते दोनदा म्हणाले. नानांचा जोड सुटला, असं नगरात कोणी म्हटलेलं नव्हतं. आता पहिल्यांदाच तो एका माणसाच्या डोक्यावर रात्रभर राहणार होता.

बादलीची परीक्षा झालीच. मी आत, दार बंद, वरून एक, दोन, तीन बादल्या. एक थेंब नाही. बाहेर यायला गेलो तर चेन अडकली. आतून माझा आवाज आणि बाहेर जमलेली वीस माणसं. "आत कोन हाय वो?" "सरकारी मानूस हाय." "मंग ऱ्हाऊंद्या."

चेनला मेण लावून देताना नानांनी मला पायाने मारायचा पंप दिला आणि बजावलं, "दुपारी भरलेली हवा रातच्याला बसती. गारठ्यानं हवा आकसती. रबर तेच, जोड तोच, पन कमान मऊ पडती. दिवस मावळला की दोनी कमानींत पाच-पाच पंप परत मारायचे. इसरू नका."

"नाना, मी काय लहान आहे?"

एप्रिलमध्ये वर्षअखेरीची कामं उरकून मी निघालो. राजूरला उतरून चहा घेतला, पिशवी उघडली. तंबू होता. दोरी होती. मेणबत्ती, चिवडा, सगळं होतं. पंप नव्हता. आदल्या संध्याकाळी मी त्याने शेजाऱ्याच्या स्कूटरमध्ये हवा मारून दाखवली होती, मोठेपणा म्हणून. तो तिथेच स्कूटरला टेकून राहिला होता.

मी तोंडाने फुगवायचा प्रयत्न केला. चार मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे आले आणि कमान तशीच लोळत पडली. शेवटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे मशीन होतं. भर उन्हात त्याने दोन्ही कमानी टण्ण भरून दिल्या. तंबू उभा राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मला राहायचं आहे शेंडी गावाच्या पुढे, धरणाकाठी आणि माझं घर उभं आहे राजूरच्या स्टँडवर.

हवा सोडली तर परत भरणार कोण? मी उभा तंबू काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर बांधला. ड्रायव्हरने आधी तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊसाहेब, जीप उडायची बरं का." वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "मांडव कुठं चाललाय? नवरदेव कोन?" आतल्या अकरा माणसांनी एकमताने माझ्याकडे बोट दाखवलं.

पाण्याकाठी पोचलो, तंबू उतरवला, खुंट्या मारल्या. जागा अप्रतिम होती. दिवस मावळला, गार वारा सुटला. पाच-पाच पंप मारायची वेळ झाली आणि मी नुसता कमानींकडे बघत बसलो. उजाडायच्या सुमाराला काहीतरी मोठं, गार, ओलसर माझ्या तोंडावर येऊन बसलं. मला वाटलं म्हैस. मी ओरडत, पिवळ्या कापडासकट, दिशा न कळता पळत सुटलो आणि पाण्यात गुडघाभर गेल्यावर थांबलो. गुरं घेऊन आलेली एक म्हातारी काठीवर हात ठेवून बघत होती.

"घर बसलं व्हय वो तुमचं?" ती म्हणाली.

एवढंच झालं असतं तर ही नुसती माझ्या फजितीची गोष्ट झाली असती. फजितीची मला सवय आहे. पण नगरला परत आल्यावर मी जे केलं त्याची अजून लाज वाटते.

नाना दुकानाबाहेरच उभे होते. "ऱ्हायला का हुभा?" त्यांनी लांबूनच विचारलं.

पंप विसरलो, हे सांगायला जीभ उचलेना. बांबूंची गोष्ट त्यांना माहीत होती. ते हसतील, मग सगळा बाजार हसेल, असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "पहाटे बसला, नाना. जोड... जोड जरा गळत असावा."

नानांनी हात पुढे केला. माझ्या हातातून तंबू घेतला. "ठेवा," एवढंच म्हणाले.

चार दिवस मी त्या रस्त्याला फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तर शटर अर्धं खाली. काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, बाहेर डबा घेऊन बसल्या होत्या.

"बरं झालं आलात, भाऊसाहेब. बघा जरा त्यांच्याकडं. चार दिस झालं, नीट जेवत न्हाईत. त्या हौदापाशी बसल्यात."

आत सिमेंटच्या हौदात कमान बुडवलेली होती आणि नाना तिच्यावर वाकून बसले होते. वीतभर पुढे सरकवायची, थांबायचं, बघायचं. एक बुडबुडा नव्हता. तेवढ्यात एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्यूब खांद्यावर टाकून आला. नाना मान वर न करता म्हणाले, "फुडच्या चौकात जावा. मी जोड द्यायचं बंद केलंय."

"का वो, नाना?"

"सुटाया लागल्यात."

तो माणूस माझ्याकडे बघत निघून गेला.

"नाना," मी म्हटलं.

"बुडबुडा गावंना, भाऊसाहेब. चार दिस झालं. गालाला बी लागंना. म्हंजे माझा गाल बी गेला आन् डोळं बी गेलं. तुमी खोटं कशापायी सांगाल?"

"नाना, पंप..."

"पंपाचं काय?"

"पंप घरी राहिला होता."

"कोनाच्या घरी?"

"माझ्या. म्हणजे स्कूटरपाशी."

नाना सावकाश उठले. हात पुसले. "मंग हवा कुटं भरली?"

"राजूरला. मशीनवर. दुपारी."

"आन् सांजचं पाच-पाच?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या मी आनंदाने घेतल्या असत्या. ते फक्त म्हणाले, "चार दिस मी ह्या हातांकडं बघतोय, भाऊसाहेब."

मला बसायला काही सापडेना, म्हणून मी तिथेच हौदाच्या कठड्यावर बसलो आणि मागचा भाग भिजवून घेतला. माफी मागितली. किती वेळा ते आठवत नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग नानांचा आवाज आला, अगदी वेगळा.

"राजूरला भरली. मंग फुडं कसा न्हेला?"

"जीपवर."

"हुभा?"

"उभा."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला कळेना, रडताहेत की काय. मग त्यांनी ट्यूब टांगायच्या खांबाला हात टेकला आणि असे हसले, की समोरचा वजनकाटेवाला काय झालं ते बघायला आला. "लोकं काय म्हनली?" "नवरदेव कोण म्हणाले." "आन् तुमी?" "मीच." परत हसणं. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो ट्रॅक्टरवाला अजून कोपऱ्यावरच ट्यूब टेकवून उभा होता. नानांनी रस्त्यावर येऊन हाक मारली, "ओ पावनं! आना ती ट्यूब!"

मी म्हटलं, "नाना, मग तंबू घेऊन जाऊ?"

"तंबू?" त्यांनी त्या पिवळ्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "आता तुमाला न्हाई. आदी मी झोपून बघनार. रातभर हुभा ऱ्हातो का न्हाई, ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

"मी येतो बरोबर."

"एकट्याचा तंबू हाय," नाना म्हणाले.

साठीच्या पुढचा हा माणूस जन्मात कधी एकटा झोपला नव्हता. आधी भावंडं, मग लष्कराची बरॅक, मग बायको, तीन मुलं, सुना, नातवंडं. काकूंनी दोन दिवस नाही-नाही केलं आणि तिसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून दिल्या. मे महिन्याच्या एका सकाळी नाना पिवळा गठ्ठा खांद्यावर टाकून एस.टी.त चढले. पंप त्यांनी हातातच धरला होता. पिशवीत ठेवू दिला नाही.

मला घरी झोप येईना. ओल, किडा-मुंगी, जनावर, एकटा म्हातारा माणूस. आणि खरं सांगायचं तर तंबू. तो नाही उभा राहिला तर? तर नाना परत त्या हौदापाशी बसतील. ह्या वेळी त्यांना उठवायला माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी निघालो.

शेंडीहून पाण्याकडे चालत गेलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पिवळा ठिपका लांबूनच दिसला. तसाच होता. ताठ. दोन्ही कमानी अशा ताणलेल्या, की वाऱ्याने कापड वाजत होतं. पुढे एका दगडावर नाना बसले होते. अंगात बंडी, पाय पाण्यात. हातात सुई नव्हती, दोरा नव्हता, ट्यूब नव्हती. इतकी वर्षं ओळखत होतो, रिकाम्या हातांचे नाना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी चढावरून दिसताच त्यांनी हात वर करून हलवला. मला वाटलं, बोलावताहेत. मी जोरात चालायला लागलो. हात आणखी जोरात हलायला लागला.

"जावा!" पाण्यावरून त्यांचा आवाज आला. "जावा माघारी! मी उद्या येनार हाय!"

"नाना, रात्रभर उभा राहिला?"

"दिसत न्हाई का? जावा आता!"

त्यांनी परत वळून पाहिलं नाही. दोन्ही पायांनी पाणी उडवत होते. मग मी शेंडीला येऊन परतीच्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर तोच होता. म्हणाला, "भाऊसाहेब, आज मांडव न्हाई आनला?"

"लागलाय," मी म्हटलं. "पाहुणा उठायला तयार नाही."